ताकद दाखवा, डाव लपवा : गेम किती अवघड आहे हे खेळाडूला किती सांगायचं?

"भावा, एवढं अवघड होतं तर आधी सांगायचं की!"

राजारामपुरीतल्या एका मित्राच्या खोलीवर, रविवारी संध्याकाळी, भडंगाचं पातेलं मध्ये ठेवून आम्ही पाचजण खेळत होतो. खेळ होता डंजन्स अँड ड्रॅगन्स. 'स्ट्रेंजर थिंग्ज'मध्ये ती पोरं तळघरात बसून खेळतात ना, तोच. मी गेम मास्टर होतो. म्हणजे गोष्ट सांगणारा, राक्षस चालवणारा आणि पंच, सगळं मीच. गोष्ट एका पडक्या किल्ल्यावर आली होती. मित्र म्हणाला, "मी बुरुजावरून खाली उतरतो." मी म्हणालो, "टाक फासा." त्याने वीस बाजूंचा फासा टाकला. १४ पडले. त्याच्या पात्राची बेरीज ३. एकूण १७. तो खूश.

मी मनात २० आकडा धरला होता. पात्र खाली पडलं आणि मेलं. आठ महिने जपलेलं पात्र होतं. मित्र पुढचे तीन रविवार आलाच नाही.

तेव्हा मला वाटलं होतं की तो चिडका आहे. नंतर कळलं की चूक माझी होती. आणि ती चूक आमच्या खोलीपुरती नव्हती. तुमच्या फोनमधला जवळजवळ प्रत्येक गेम रोज हाच प्रश्न सोडवत असतो : समोरच्याला किती अवघड आहे हे सांगायचं, की लपवायचं? फरक इतकाच, की तिथे पडल्यावर पात्र मरत नाही, खिसा रिकामा होतो.

हा डीसी म्हणजे नक्की काय?

आधी यंत्रणा समजून घेऊ. या खेळात एखादी गोष्ट जमते का नाही हे ठरवायला वीस बाजूंचा फासा टाकतात. त्यात पात्राचं कौशल्य मिळवतात. बेरीज मास्टरने ठरवलेल्या आकड्याइतकी किंवा जास्त आली तर जमलं. त्या आकड्याला म्हणतात डिफिकल्टी क्लास, थोडक्यात डीसी. आजच्या नियमांत ढोबळ मापं अशी आहेत : १० म्हणजे सोपं, १५ म्हणजे मध्यम, २० म्हणजे अवघड, २५ म्हणजे फारच अवघड, ३० म्हणजे जवळपास अशक्य.

आता माझ्या मित्राचा हिशोब करू. त्याची बेरीज ३.

डीसी १० असता तर फाशावर ७ किंवा जास्त हवे होते. वीसपैकी १४ बाजू, म्हणजे ७० टक्के.
डीसी १५ असता तर १२ किंवा जास्त. ९ बाजू, म्हणजे ४५ टक्के.
डीसी २० असता तर १७ किंवा जास्त. फक्त ४ बाजू, म्हणजे २० टक्के.

त्याच्या डोक्यात होतं की बुरूज पडका आहे, धरायला दगड आहेत, १२ च्या आसपास असेल. म्हणजे ६० टक्के. माझ्या डोक्यात होतं की पाऊस पडतोय, शेवाळ आहे, सरळ कडा आहे. म्हणजे २० टक्के. आम्ही दोघं एकाच बुरुजावर उभे नव्हतोच. त्याने धाडस केलं नव्हतं, त्याने फक्त माझ्या डोक्यातलं चित्र चुकीचं ओळखलं होतं. आणि त्याची शिक्षा मी त्याला दिली.

पडद्यामागचा मास्टर

हा वाद नवा नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्स १९७४ मध्ये आला. त्याच्या 'अॅडव्हान्स्ड' आवृत्तीत खेळाडूंचं पुस्तक १९७८ मध्ये निघालं आणि मास्टरचं १९७९ मध्ये. गंमत म्हणजे, वार लागायला किती आकडा पडायला हवा याचे तक्ते खेळाडूंच्या पुस्तकात नव्हतेच. ते मास्टरच्या पुस्तकात होते. खेळाडूने तलवार चालवायची, गणित मास्टरने बघायचं. मास्टरसमोर पुठ्ठ्याचा पडदा उभा असायचा, आजही असतो.

पण सगळे खेळ त्या वाटेने गेले नाहीत. १९८१ च्या 'कॉल ऑफ कथुलू'मध्ये कौशल्य टक्क्यांत लिहिलेलं असतं आणि ते खेळाडूच्या स्वतःच्या कागदावर असतं. २०१० च्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड'ने तर डीसीच काढून टाकला. दोन साधे फासे टाका. १० किंवा जास्त आले तर पूर्ण यश, ७ ते ९ आले तर काम होतं पण किंमत मोजावी लागते, ६ किंवा कमी आले तर मास्टर तुमची वाट लावतो. आकडे सगळ्यांना पाठ. कौशल्याची बेरीज न धरता बघितलं तर ३६ पैकी ६ वेळा पूर्ण यश, १५ वेळा अर्धं आणि १५ वेळा अपयश. आणि २०१७ च्या 'ब्लेड्स इन द डार्क'मध्ये फासा टाकण्याआधी मास्टरने दोन गोष्टी तोंडाने सांगायच्या असतात : तू किती धोक्यात आहेस आणि जमलं तर किती फरक पडेल. ऐकून खेळाडू म्हणू शकतो, "नको, मी दुसरं काहीतरी करतो."

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. पुढे कामाला येणार आहे.

"सगळं सांगितलं तर मजा काय?"

लपवणाऱ्यांची बाजू पोकळ नाही. तीन मुद्दे नेहमी येतात.

पहिला : आकडा सांगितला की गोष्ट मरते. समोर राक्षस उभा आहे आणि खेळाडू डोक्यात बेरीज करत बसलाय, असं होतं.

दुसरा : काही गोष्टी पात्राला माहीतच नसतात. समोरचा माणूस खोटं बोलतोय का, हे ओळखण्यासाठी तुम्ही फासा टाकला. फाशावर २ पडले. मास्टर म्हणाला, "खरं बोलतोय असं वाटतं." तुम्ही लगेच ओळखता की हे खोटं आहे, कारण फासा वाईट पडलाय. म्हणून २०१९ च्या 'पाथफाइंडर'च्या दुसऱ्या आवृत्तीत अशा वेळी मास्टरनेच गुपचूप फासा टाकायचा, असा नियम आहे.

तिसरा : मास्टरला गोष्ट सांभाळायची असते. पहिल्याच खोलीत सगळे मेले तर पुढची संध्याकाळ काय करायचं? म्हणून तो पडद्यामागे आकडा थोडा इकडेतिकडे करतो.

या मुद्द्यांवर मी बरेच दिवस विचार केला. उत्तर मला कुठल्या रूलबुकात नाही, कुस्तीच्या मैदानात मिळालं.

कोल्हापुरात वाढलेल्या पोराला खासबाग सांगायला लागत नाही. शाहू महाराजांनी बांधलेलं ते मैदान १९१२ मध्ये उभं राहिलं. मैदानी कुस्तीत जोड कशी लावतात बघा. कुणाची कुस्ती कुणाशी हे पोस्टरवर आधीच छापलेलं असतं. कितव्या नंबरची कुस्ती, इनाम किती, सगळं उघड. गावच्या जत्रेत नारळावरची कुस्ती असली तरी पोरगा समोरच्याला डोळ्यांनी बघतो. मान किती, खांदे किती, कुठल्या तालमीचा. नको वाटलं तर हात जोडतो आणि मागे होतो. त्यात कमीपणा नाही.

पण समोरचा कुठला डाव टाकणार हे कुणी सांगत नाही. आणि ते सांगायचंही नसतं. मैदान श्वास रोखून बसतं ते त्यासाठीच.

म्हणजे ताकद दिसते, डाव दिसत नाही. माझ्या मते मास्टरसाठी यापेक्षा सरळ नियम नाही. बुरूज किती निसरडा आहे, ही ताकद. ती बुरुजावर उभ्या असलेल्या कुठल्याही माणसाला दिसते, मग पात्राला का दिसू नये? खाली कोण दबा धरून बसलंय, तो डाव. तो लपवा. समोरचा खोटं बोलतोय का, तोही डाव. तोही लपवा. मी बुरुजाच्या वेळी उलटं केलं होतं. ताकद लपवली आणि त्यालाच रहस्य समजलो.

फोनमधला मास्टर खोटं बोलतो, पण प्रेमाने

आता टेबलावरून स्क्रीनवर येऊ. २०२३ चा 'बाल्डर्स गेट ३' हा डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या नियमांवर चालणारा गेम. त्यात संवादात फासा टाकायची वेळ आली की डीसीचा आकडा स्क्रीनवर मोठ्याने लिहिलेला येतो. तरी थरार कमी झाला, असं कुणी म्हणत नाही. उलट आकडा १८ आहे आणि फासा गरगर फिरतोय, तेव्हाच पोटात गोळा येतो. पहिला मुद्दा इथेच अर्धा निकाली निघतो.

पण याच गेममध्ये 'कार्मिक डाइस' नावाची सेटिंग आहे आणि ती आधीपासूनच चालू असते. सतत वाईट किंवा सतत चांगले फासे पडू नयेत म्हणून ती फासा हलकेच वळवते. बंद करता येते, पण त्यासाठी ती आहे हे माहीत पाहिजे.

जुनं उदाहरण आणखी मजेशीर आहे. जपानच्या 'फायर एम्ब्लेम' मालिकेत वार लागण्याची शक्यता टक्क्यांत दाखवतात. पण २००२ च्या भागात आतून गेम एक नाही, दोन आकडे काढतो आणि त्यांची सरासरी घेतो. परिणाम काय? स्क्रीनवर ७५ टक्के दिसलं तर खरी शक्यता जवळपास ८८ टक्के. स्क्रीनवर ९० दिसलं तर खरी ९८. आणि शत्रूला २५ टक्के दिसत असतील तर त्याची खरी शक्यता १३ च्या आसपास.

असं का केलं? कारण माणसाचं मन टक्केवारी नीट वाचत नाही. 'सिव्हिलायझेशन' बनवणाऱ्या सिड मायर यांनी २०१० मध्ये गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्सच्या भाषणात हाच अनुभव सांगितला होता. तीनास एक अशी शक्यता दाखवली आणि खेळाडू हरला, की त्याला गेम चुकीचा वाटतो. खरं तर चारातून एकदा हरायलाच हवं. पण ७५ म्हणजे 'जिंकलोच' असं आपण धरून चालतो. बारावीला ७५ टक्के मिळाले की पेढे वाटतात, त्यामुळे आपला तरी गैरसमज समजण्यासारखा आहे.

हे खोटं आपल्या बाजूचं आहे. ऑनलाइन बॅटल रॉयालमध्ये नवख्यांच्या मॅचमध्ये माणसांच्या जागी बॉट भरतात, तेही त्यातलंच. 'फोर्टनाइट'ने २०१९ मध्ये बॉट आणताना ते जाहीर सांगितलं होतं. सगळेच सांगतात असं नाही. तुमच्या पहिल्या दिवसाच्या पंधरा किलमधले किती खरे होते, हा विचार करून बघा. मी केला आणि गप्प बसलो.

आणि खोटं तुमच्या विरुद्ध असेल तर?

प्रश्न तिथे चिघळतो, जिथे अवघडपणा विकला जातो.

'मेपलस्टोरी' हा दक्षिण कोरियाच्या नेक्सॉन कंपनीचा ऑनलाइन रोलप्लेइंग गेम. त्यात 'क्यूब' नावाची वस्तू पैशाने विकत मिळायची. क्यूब वापरला की तुमच्या हत्याराचे गुण नव्याने, नशिबाने ठरायचे. म्हणजे पैसे देऊन टाकलेला फासाच. २०१० मध्ये कंपनीने लोकांना हवे असलेले गुण मिळण्याची शक्यता गुपचूप कमी केली. २०११ मध्ये काही जोड्या तर मिळणंच बंद केलं. लोक मात्र क्यूब घेतच राहिले. डीसी २० नाही, २१ केला होता, फाशावर २१ नावाची बाजूच नव्हती, आणि हे कुणाला सांगितलं नव्हतं. जानेवारी २०२४ मध्ये कोरियाच्या फेअर ट्रेड कमिशनने कंपनीला ११६० कोटी वॉनच्या आसपास दंड केला. आपल्या पैशांत सत्तर-पंचाहत्तर कोटी रुपये. त्याच वर्षी मार्चपासून कोरियात अशा वस्तूंच्या शक्यता जाहीर करणं कायद्याने बंधनकारक झालं.

चीनने हे २०१७ मध्येच केलं होतं. अॅपलने डिसेंबर २०१७ पासून आणि गुगल प्लेने २०१९ पासून आपल्या स्टोअरवरच्या गेमना नियम घातला : पैसे घेऊन नशिबाची पेटी विकत असाल तर आत काय मिळण्याची शक्यता किती, हे खरेदीच्या आधी सांगा.

म्हणजे प्रश्न सुटला? नाही. कारण आकडा छापणं वेगळं आणि सांगणं वेगळं.

माझा मावसभाऊ सोळा वर्षांचा आहे, कागलला असतो. एका गेममध्ये बंदुकीच्या एका स्किनसाठी त्याने मावशीच्या फोनवरून यूपीआयने तीन हजार आठशे रुपये घालवले. ५०, १०० असे हप्त्याहप्त्याने. मावशीला कळलं ते महिन्याने, बँकेत पासबुक भरून आणल्यावर. घरात जे झालं ते झालं. मी त्याच्याशेजारी बसून गेम उघडला. शक्यता दिलेल्या होत्या. पेटीच्या कोपऱ्यात एक छोटं प्रश्नचिन्ह, ते दाबलं की एक पान, त्यात आणखी एक दुवा, मग बारीक अक्षरात इंग्रजी तक्ता. त्याला हवी ती स्किन : १ टक्का.

मी विचारलं, "१ टक्का म्हणजे काय वाटतं तुला?"

तो म्हणाला, "शंभर वेळा उघडली की एकदा नक्की मिळणार."

इथेच घोळ आहे. प्रत्येक वेळी न मिळण्याची शक्यता ९९ टक्के. शंभर वेळा न मिळण्याची शक्यता म्हणजे ०.९९ ला शंभर वेळा गुणायचं. उत्तर येतं ०.३७ च्या जवळ. म्हणजे शंभर पोरांनी प्रत्येकी शंभर पेट्या उघडल्या तर साधारण सदतीस पोरांच्या हाती ती स्किन येणारच नाही. काही गेम यावर हमी देतात. 'गेन्शिन इम्पॅक्ट'मध्ये पंचतारांकित पात्राची मूळ शक्यता ०.६ टक्के आहे, पण नव्वदाव्या वेळेपर्यंत एक नक्की मिळतं. हमी असेल तर गणित बदलतं. माझ्या भावाच्या पेटीला हमी नव्हती आणि त्याला ते विचारायचं असतं, हेही माहीत नव्हतं.

आपल्याकडचा कायदा काय बघतो?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याने गेमचे तीन कप्पे केले : ई-स्पोर्ट्स, सोशल गेम आणि मनी गेम. पैसे लावून पैसे जिंकायचे असतील तर तो मनी गेम. मग तो कौशल्याचा असो, नशिबाचा असो, की दोन्हींचा, तो बंद. असा गेम चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणूनच फँटसी क्रिकेट आणि रमीच्या अॅपनी पैशांचे खेळ गुंडाळले.

कायदा चांगला की वाईट हा वेगळ्या लेखाचा विषय. इथे मुद्दा एवढाच, की या कायद्याची रेघ पैशावर आखलेली आहे, माहितीवर नाही. तुम्ही पैसे देऊन पैसे जिंकू बघता का, हा त्याचा प्रश्न. पैसे देऊन स्किन जिंकू बघणारा माझा मावसभाऊ त्या रेघेच्या अलीकडे राहतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये तेरा 'डार्क पॅटर्न'ची यादी काढून त्यांवर बंदी घातली. खोटी घाई लावणं, गुपचूप जादा वस्तू टोपलीत टाकणं, अशा युक्त्या त्यात आहेत. पण "शक्यता मराठीत, मोठ्या अक्षरात, पैसे देण्याच्या बटणाशेजारी लिहा" असं काही त्यात नाही.

आणि नुसतं लिहिल्याने भागतं का? शेअर बाजाराकडे बघा. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये खेळणाऱ्या १०० पैकी ९३ सामान्य लोकांना तोटा झाला. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर. दहापैकी नऊजण हरतात ही सूचना ब्रोकरच्या अॅपवर २०२३ पासून दिसते. लोक 'ओके' दाबतात आणि पुढे जातात. इतका उघड डीसी दुसरा कुठला नसेल, तरी खेळ चालूच.

मग आकडा सांगावा कसा? याचंही उत्तर घरापाशीच आहे. पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी चढायला लागलं की अख्खं कोल्हापूर एकच विचारतं, "राजाराम बंधाऱ्याला किती फूट?" उत्तर नुसता आकडा असतं, पण इथल्या प्रत्येकाला दोन रेघा पाठ आहेत : ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. ४१ म्हटलं की शाहूपुरीतला माणूस गाडी वर नेऊन लावतो, जनावरं असणारा गोठा रिकामा करायला घेतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये नदी ५५ फुटांच्या वर गेली होती, त्यामुळे आकडा हलका घ्यायची सवयही आता राहिलेली नाही.

या माहितीत तीन गोष्टी एकत्र आहेत. आकडा आहे. आकड्याचा अर्थ सांगणारी रेघ आहे. आणि आकडा कळतो तेव्हा काहीतरी करायला वेळ शिल्लक असतो. अॅपवरच्या सूचनेत आकडा असतो, बाकीच्या दोन गोष्टी नसतात. गेमच्या पेटीत तर आकडाही चार पानं आत असतो. 'ब्लेड्स इन द डार्क'चं ते वाक्य आठवा : "नको, मी दुसरं काहीतरी करतो." ज्या माहितीनंतर हे वाक्य म्हणता येतं, ती खरी माहिती. बाकी सगळा कागदोपत्री कारभार.

एआय मास्टरचं काय?

आता बरीच पोरं चॅटबॉटलाच गेम मास्टर करतात. २०१९ च्या 'एआय डंजन'पासून हे सुरू झालं. मित्र जमत नाहीत, मग फोनलाच म्हणायचं, "मला किल्ल्यावरची गोष्ट खेळव." मजा येते. पण इंजिनिअर म्हणून एक गोष्ट सांगतो.

चॅटबॉट पुढचा शब्द कुठला यावा हे ठरवत मजकूर लिहितो. त्याने "फासा टाकला, १३ पडले" असं लिहिलं, तरी आत कुठे फासा पडलेला असेलच असं नाही. त्याने त्यासाठी वेगळा प्रोग्रॅम चालवला नसेल, तर १३ हा गोष्टीला शोभणारा शब्द आहे, एवढंच. आणि डीसी? मी निदान मनात २० धरला होता. चॅटबॉटने आकडा मजकुरात लिहिला नसेल, तर साधारणपणे तो कुठेही ठरवून ठेवलेला नसतो. तुम्ही फासा सांगितल्यावर तो जमलं की नाही ते लिहितो, आणि बहुतेक वेळा तुम्हाला खूश करणारं लिहितो. म्हणजे इथे डाव लपवलेला नाही, डावच नाही.

उपाय सोपा आहे. त्याला सुरुवातीलाच सांगा : "प्रत्येक वेळी फाशाआधी डीसी आणि हरल्यास काय होईल ते लिही. फासा मी टाकणार." खरा फासा घ्या. नसेल तर फाशाचं साधं अॅप चालेल. खेळ एकदम वेगळा होतो, कारण आता हरता येतं.

मग किती सांगायचं?

तुम्ही मास्टर असाल तर माझा नियम असा. पात्राला जे दिसतं, ऐकू येतं, हाताला लागतं, त्यावरचा डीसी सांगा. आकडा नको वाटत असेल तर शब्द ठरवून घ्या : सोपं, मध्यम, अवघड, जीवघेणं. पण शब्दांचा अर्थ सगळ्यांना सारखा माहीत हवा. हरल्यावर काय जाईल ते फाशाआधी सांगा. मग विचारा, "टाकतोस?" आणि फासा पडल्यावर आकडा बदलू नका, दयेनेही नाही. एकदा बदललात की पुढचं प्रत्येक यश त्यांना तुमची भीक वाटायला लागतं. दबा, खोटं, फितुरी, हे खुशाल पडद्यामागे ठेवा.

तुम्ही फोनवर खेळत असाल तर पेटी उघडण्याआधी तीन प्रश्न विचारा. शक्यता किती? हमी कितव्या वेळेला? हमीपर्यंत गेलो तर एकूण रुपये किती? तिसऱ्याचं उत्तर कॅल्क्युलेटरवर काढा, गेमच्या हिऱ्यांत किंवा नाण्यांत नको. हिरे खर्च झाल्याचं दुःख कमी होतं, म्हणून तर ते हिरे असतात. शक्यता सापडतच नसेल तर तोच तुमचा डीसी समजा : माहीत नाही, म्हणजे जास्त. पैसे कापले गेले आणि वस्तू मिळाली नाही, किंवा फसवलं गेल्याची खात्री असेल, तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. घरात लहान भावंडं असतील तर यूपीआयचा पिन आणि हे गणित, दोन्ही तुमच्या हातात ठेवा. पिन लपवा, गणित शिकवा.

चौथ्या रविवारी मित्र परत आला. मी फोन करून माफी मागितली होती. त्याने नवीन पात्र आणलं होतं, जुन्याचा धाकटा भाऊ. दोन महिन्यांनी त्यांची टोळी पुन्हा एका कड्यावर आली. खाली नदी, मागे शत्रू. मी म्हणालो, "डीसी २०. तुझी बेरीज ३. पडलास तर पाण्यात, आणि पाण्यात काय आहे ते मी सांगणार नाही."

तो बराच वेळ फासा हातात घोळवत बसला. बाकीचे ओरडत होते, "नको भावा, दोर शोध."

त्याने टाकला. ११ पडले. पडला.

कुणी चिडलं नाही. तो स्वतःच हसत म्हणाला, "माझ्या पायानं गेलो की राव. सांग आता, पाण्यात काय आहे?"